‘इतर’चा रकाना

आमच्या दारात कोणी फॉर्म आणि पेन घेऊन आलं की मी त्याला पाणी विचारत नाही. जनगणनेचा मास्तर असो की आरोग्य खात्याची पोरगी, मी उंबरठ्यावर उभी राहते आणि त्यांनाही उभंच ठेवते. सून कुरकुरते, "आई, बिचारी उन्हातून आली, बसू तर द्या." कायले बसू देऊ? ती माझ्या छपरीत बसणार, आम्ही काय खातो ते विचारणार, आणि कागदावर काय लिहिणार ते देव जाणे. मी स्वतः हे काम केलं आहे. तेव्हा मला कोणी शिकवू नये.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव करडीच्या बाजूला. भंडाऱ्याच्या वसतिगृहात राहून मी मॅट्रिक झाले होते. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली पहिली मॅट्रिक पोरगी म्हणून माझा तोरा काही विचारू नका. घरी माय होती आणि मोठा भाऊ. त्याला मी दादा म्हणायची. बाप मी दुसरीत असतानाच गेला होता.

दादाचे पाय गेले होते. म्हणजे तो चालायचा, पण त्याला चालणं म्हणावं का? गुडघे ताठ, टाचा जमिनीला लागत नाहीत, एक पाय दुसऱ्यासमोर कैचीसारखा आडवा येतो, आणि हातात काठी. वय चोवीस. हाच माणूस दोन वर्षांआधी धानाचा भारा डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून पळत यायचा.

काय झालं होतं ते आज मी एका दमात सांगू शकते. लागोपाठ दोन वर्षं धान बुडालं. दादा आणि आमचा मोठा बाप, म्हणजे बापाचा थोरला भाऊ, दोघंही गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी होते. कामाचं धान मिळायचं, ते नव्हतं, तर त्याने लाखोरी दिली. लाखोरीला काही लाड लागत नाहीत. धान बांधीत उभं असतानाच ओल्या चिखलात तिचं बी फेकून द्यायचं. पाणी कमी असो, जास्त असो, ती येतेच. मग सकाळी लाखोरीच्या पिठाची भाकर, दुपारी लाखोरीची डाळ, संध्याकाळी पुन्हा तेच. भाताचा कण नाही. चार-पाच महिने दोघांनी नुसती लाखोरी खाल्ली आणि वरून बैलासारखं काम केलं. मी तेव्हा वसतिगृहाच्या पातळ वरणाला नावं ठेवत होते. माय आणि वहिनी सगळ्यांच्या मागून जेवायच्या, त्यांच्या वाट्याला फारसं उरायचंच नाही, म्हणून त्या वाचल्या. थोडी थोडी लाखोरी आम्ही सगळेच जन्मभर खातो, त्याने काही होत नाही. नुसत्या तिच्यावरच राहिलं की पाय जातात. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, गावात कोणालाच नव्हतं.

गावाला काय, तोंड आहे. कोणी म्हणे करणी केली, कोणी म्हणे नागपूरला जाऊन नको तिथे गेला असेल. आमचा इवाई, म्हणजे वहिनीचा बाप, सिहोऱ्याकडचा. तो एक दिवस आला, छपरीत बसला, मोठ्या बापाला काठी टेकत जाताना पाहिलं आणि मायला म्हणाला, "इहीनबाई, हा रोग तुमच्या घरच्या रक्तात हाये. काका तसाच, पुतन्या तसाच. माह्या नातीचेही पाय जाऊ देऊ काय?" वहिनी आणि पाच महिन्यांची पोरगी, दोघींना घेऊन तो त्याच दिवशी एसटीने निघून गेला. जाताना दादाला म्हणाला, "डॉक्टरचा कागद आन. रक्तातला रोग नाही असं लिवून आन. दुसऱ्या दिवशी पोरगी धाडतो. जबान देतो."

दादा वर्षभर त्या एका कागदामागे होता. तुमसरचा डॉक्टर म्हणाला नागपूरला जा. नागपूरला गेला तर त्यांनी तेल चोळायला सांगितलं. घरात दादा कोणाशी बोलेना. पोरगी बसायला लागली असेल, रांगायला लागली असेल, एवढंच मधूनच म्हणायचा. मायच्या जिवाला घोर, आणि मला सगळ्या जगाचा राग.

अशात ते सर आले. पुण्याकडचे. पायाच्या लुळेपणाचा आणि आहाराचा अभ्यास करायला मोठी मंजुरी घेऊन आले होते. गावोगाव घरं मोजायची, कोण काय खातं ते विचारायचं, आणि ज्यांचे पाय गेले त्यांना नागपूरचा एक डॉक्टर तपासणार आणि कागद देणार. कागद! मी ऐकलं आणि त्याच दिवशी अर्ज केला. मला नोकरी पाहिजे होती हे खरं, पण त्याहून जास्त तो डॉक्टर आमच्या दारात यायला पाहिजे होता.

सर दिसायला सज्जन होते. कडक इस्त्री, सोन्याच्या काडीचा चष्मा, आणि खांद्याला पाण्याची बाटली. आमच्या मोहल्ल्यात आले की म्हणायचे, पोटाला सोसत नाही, बाहेरचं पाणी पीत नाही. पाटलाच्या घरी मात्र बरं सोसायचं. ते मी पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवलं होतं.

आम्हा चार-पाच जणांना मोहाडीला शाळेच्या एका खोलीत बसवून त्यांनी दोन दिवस शिकवलं. फॉर्म चौदा पानांचा. सहाव्या पानावर डाळी. तूर, चणा, मूग, उडीद, मसूर, खेसरी, इतर. प्रत्येकीपुढे दोन चौकोन, होय आणि नाही. मी यादी वाचली आणि हात वर केला.

"सर, लाखोरी कुठं लिहायची?"

"ती काय असते?"

"डाळ आहे, सर. आमच्याकडे सगळे खातात."

"यादीत आहे का?"

"नाही."

"मग ‘इतर’. इतरच्या ‘होय’वर खूण करा. नाव लिहायचं नाही, तिला कोड नाही."

"आणि खेसरी म्हणजे कोणती, सर?"

आता त्यांनी चष्मा काढला. "बाई, तुम्हाला प्रश्न विचारायला घेतलंय, फॉर्म तपासायला नाही. छापलंय तसं वाचायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळा अभ्यास वाया जातो. कळलं?" बाकीची पोरं खाली मान घालून हसली. मॅट्रिकचा तोरा तिथेच उतरला.

वाचणाऱ्याला आत्ताच सांगून टाकते, मला त्यासाठी सहा महिने लागले होते. खेसरी म्हणजेच लाखोरी. तिकडे हिंदी मुलखात तिला खेसरी म्हणतात. फॉर्म तिकडे तयार झाला, कोणीतरी टेबलापाशी बसून त्याचं मराठी केलं, चन्याचा चणा केला आणि खेसरीची खेसरीच ठेवली. ज्या डाळीने पाय जातात तिचा शोध घ्यायला हा माणूस पुण्याहून आला, आणि तिचं इथलं नाव कानावर पडलं तर म्हणतो, ती काय असते! मी नाव सांगितलं होतं हो. भर वर्गात, हात वर करून सांगितलं होतं.

आम्ही कामाला लागलो. घरांच्या भिंतींवर गेरूने नंबर टाकले, पॅड काखेत धरलं आणि दारोदार फिरलो. सहाव्या पानावर आलो की मी छापलंय तसं वाचायची. "खेसरीची डाळ खाता काय?" पहिल्याच मोहल्ल्यात एका म्हातारीने कानाला हात लावून मला दोनदा विचारलं आणि मग पोट धरून हसली.

"केसराची डाळ? अवो माय, आमी कायले खातो केसर! मोठ्या लोकायचं खानं ते. मले मीठ भेटलं तरी बस."

झालं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावात माझं नाव केसरवाली पडलं. "आली पाह्य केसरवाली. या बाई, आज दुधातली केसर पाजतो तुमाले." पोरीबाळी विहिरीवर चिडवायच्या. मीही हसायची, दुसरं काय करणार. आणि दर घराच्या फॉर्मवर खेसरीपुढे ‘नाही’, इतरपुढे ‘होय’. त्या म्हातारीच्या चुलीवर लाखोरीची डाळ रटरट शिजत होती. मी तिचा वास घेत ‘नाही’वर खूण केली.

आमच्या घराचा नंबरही माझ्याच वाट्याला आला. दादा जेवत होता. मायने त्याला लाखोरी वाढली होती, बाजूला तिच्याच कोवळ्या शेंड्यांची भाजी. मी पॅड घेऊन पाटावर बसले.

"माय, खेसरीची डाळ खाता काय?"

"तू काय मले पुसून रायली? आपल्या घरी काय शिजते ते तुले मालूम नाही?"

"पुसावंच लागते. सरांचा हुकूम हाये."

"मंग लिव ना, नाही खात म्हनून. अन् आधी जेव, गार होऊन रायलं."

मी लिहिलं. माझ्या हाताने, माझ्या भावाच्या ताटासमोर बसून, नाही. त्या खुणेचा मला आजही इतका संताप येतो, की तोच हात धरून पाट्यावर वाटावा वाटतो.

डॉक्टर आला महिन्याभराने. तरुण होता, गरीब होता बिचारा, घाईत होता. शाळेच्या व्हरांड्यात त्याने दादाला खाटेवर बसवलं, रबराच्या हातोडीने गुडघ्यावर टक्कन मारलं, तर पाय असा उडाला की डॉक्टरच मागे सरला. मग पाऊल धरून वर दाबलं, तर ते आपोआप थडथड उडत राहिलं, थांबेच ना. दादाला लाज वाटली. म्हणाला, "मी नाही करत साहेब, तोच करते." डॉक्टर हसला नाही. त्याने मोठ्या बापालाही तपासलं. मग आमचा फॉर्म उघडला, सहावं पान पाहिलं, सरांशी इंग्रजीत काहीतरी बोलला. सरांनी मान हलवली. आठ दिवसांनी कागद आला. तो मी उघडला, घरात वाचता येणारी मीच.

‘आहाराशी संबंध आढळला नाही. कुटुंबातील अन्य पुरुषासही हाच विकार. आनुवंशिक असण्याची शक्यता.’

दादा समोर बसला होता. काठी मांडीवर आडवी. "काय लिवलं वो बाई? लिवलं ना, रक्तातला नाही म्हनून?"

मी म्हटलं, "शिक्का मारायचा राहिला. मारून आणते." आणि कागद ब्लाउजमध्ये खुपसून थेट मोहाडीचा रस्ता धरला. एसटीची वाट पाहायला थांबले नाही, अर्धी वाट पायीच गेले. डोकं नुसतं फुटत होतं. ज्या कागदासाठी वर्षभर जीव टांगला, त्याने इवायाचंच म्हणणं शिक्क्यानिशी खरं केलं होतं! हा कागद सिहोऱ्याला गेला असता तर वहिनी जन्मात परत आली नसती.

सर विश्रामगृहात उतरले होते. मी गेले तेव्हा ते आंघोळीला गेले होते, शिपाई म्हणाला बसा. टेबलावर काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. दिल्लीहून तपासणीला मोठे साहेब येणार होते, त्यांना दाखवायला. प्रत्येक बरणीत एक धान्य आणि वर चिठ्ठी. मी उगाच चिठ्ठ्या वाचत बसले. तूर. मसूर. खेसरी.

मी बरणी उचलली. झाकण काढलं. दोन दाणे हातावर घेतले, दातांखाली घातले. चौकोनी, चपटे, राखी ठिपक्यांचे. लहानपणापासून मी ते सुपात पाखडले होते. आंधळीनेही ओळखले असते.

सर आले तेव्हा बरणी माझ्या हातात होती. "ठेवा ती खाली," ते म्हणाले.

"सर, ही लाखोरी आहे."

"ती खेसरी आहे, बाई. वाचता येतं ना?"

"आम्ही हिला लाखोरी म्हणतो. मी तुम्हाला विचारलं होतं. पहिल्या दिवशी. तुम्हीच म्हणाले ‘इतर’मध्ये टाका."

त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. खोटं नाही सांगत, क्षणभर मला बरं वाटलं. त्यांनी कपाट उघडून गठ्ठा काढला, एक फॉर्म पाहिला, दुसरा पाहिला, दहावा पाहिला. खेसरी नाही, इतर होय. खेसरी नाही, इतर होय. सगळ्या गावांचं तेच. मला वाटलं, आता हा माणूस म्हणेल, अरेरे, चुकलो, चला पुन्हा विचारू.

ते म्हणाले, "‘इतर’ म्हणजे काहीही असू शकतं."

"काही नाही असू शकत! लाखोरीच आहे. घरोघर चला माझ्यासोबत, पुन्हा विचारू. पंधरा दिवसांचं काम आहे."

"दिल्लीचे लोक आठ दिवसांत येत आहेत. आता पुन्हा काही होणार नाही."

"मग मी त्यांनाच सांगते," मी म्हटलं. "ही बरणी त्यांच्यासमोर धरते आणि सांगते."

तेव्हा त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. शिपायाला चहा सांगितला. आवाज एकदम मऊ. "तुम्हाला भावाचा दाखला पाहिजे ना? आनुवंशिक नाही असा? मिळेल. डॉक्टरांना मी सांगतो. पण तुमच्या फॉर्मवर ‘नाही’ आहे. तो बदलायचा तर कारण दाखवावं लागेल. कारण एकच चालतं. अन्वेषिकेची, म्हणजे फॉर्म भरणारीची, चूक."

मी समजले नाही. त्यांनी कोरा कागद घेऊन स्वतःच मजकूर लिहिला. सुरेख अक्षर होतं मेल्याचं. ‘मी नेमून दिलेल्या गावात घरोघर न जाता फॉर्म आपल्या घरी बसून भरले. त्यामुळे आहाराच्या नोंदी चुकीच्या झाल्या.’ खाली सहीसाठी जागा.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"मग राहू द्या. दाखला आहे तसा आहे."

त्यांचा डाव मला तिथल्या तिथे अर्धाच कळला. मी सही केली की माझ्या गावाचे फॉर्म बाद, तिथे त्यांनी स्वतः येऊन पुन्हा नोंद केल्याचं दाखवायचं, आमच्या घरी खेसरी ‘होय’. बाकीच्या गावांचे फॉर्म मात्र जसेच्या तसे, खेसरी शून्य. आणि उद्या मी कोणासमोर तोंड उघडलं, तर ही बघा, घरी बसून फॉर्म भरणारी बाई बोलते आहे! मला दुसऱ्या एका गावातला माणूस आठवत होता, दादाच्याच वयाचा, दोन काठ्यांवर चालणारा. तपासणीच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात त्याच्या बायकोने मला विचारलं होतं, बाई, डॉक्टर काही इलाज सांगन काय. त्याच्या कागदावर काय लिहिलं गेलं असेल ते मला माहीत होतं. मी सही केली तर तो तसाच राहणार होता.

मी सही केली. माझ्यापुढे त्या वेळी फक्त दादा होता, मांडीवर काठी घेऊन बसलेला. त्या दुसऱ्या माणसाचं मी काही देणं लागत नाही असं मी स्वतःला सांगितलं. लागत होते. पण केली सही. सर म्हणाले, "शहाण्या आहात," आणि कागद घडी करून खिशात ठेवला. चहा मी तसाच टाकून आले. तेवढाच माझा बाणा.

नवा दाखला चार दिवसांत मिळाला, शिक्का मारलेल्या बंद पाकिटात; फोडलं तर इवाई मानणार नाही म्हणून मी तसंच ठेवलं. तो घेऊन मी आणि दादा सिहोऱ्याकडे गेलो. इवायाचा माझ्यावर भरवसा नव्हता, ‘घरची पोरगी, काहीही वाचन,’ म्हणून त्याने शाळेचा मास्तर बोलावला. आंगणात भाऊबंद जमले. वहिनी दाराआड पोरीला कडेवर घेऊन उभी. दादाने पोरीकडे पाहिलं आणि पोरीने तोंड फिरवलं. मास्तरने खणखणीत आवाजात वाचलं.

‘अन्वेषिकेने घरी बसून चुकीच्या नोंदी केल्यामुळे आधीचा दाखला रद्द करण्यात येत आहे. सदर विकार आहारामुळे झालेला असून तो आनुवंशिक अथवा संसर्गजन्य नाही.’

माझी ती कबुली सरांनी आपल्या खिशातच ठेवली असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी ती दाखल्याच्या मागे नक्कल करून जोडली होती. मास्तरने तीही वाचली. सहीसकट.

इवाई माझ्याकडे वळला. "अन्वेषिका म्हनजे तूच ना वो? म्हनजे तू खोटं लिवलं. मंग हा कागद तरी खरा कायवरून?"

सगळं आंगण माझ्याकडे पाहत होतं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. बरणी, खेसरी, इतर, सगळं. मी कधी कोणाचं ऐकून घेणारी नाही, आमच्या मोहल्ल्यात माझ्या तोंडाला लागायला बाप्ये घाबरत. पण मी जर म्हटलं असतं की ही कबुली खोटी आहे, तर ज्याने ती लिहून घेतली त्याचा दाखलाही खोटा ठरला असता. दोन्ही एकाच पिनेत टोचलेले होते.

"होय," मी म्हटलं. "मीच चुकली. उन्हाचा कंटाळा आला, घरीच बसून भरले. सरांनी पकडलं मले. आता त्यांनी स्वतः येऊन पाहिलं, ते खरं हाये."

"शिकून हे दिवे लावले काय?" इवाई म्हणाला. दोघं-तिघं हसले. वहिनी दाराआडून बोलली, आयुष्यात पहिल्यांदा मला उलटून बोलली, "तुमच्यापायी माहा संसार मोडला असता न, बाई." दादाने माझ्याकडे असं पाहिलं की आजही ते डोळे मला आठवायचे नसतात. दुसऱ्या दिवशी वहिनी आमच्यासोबत एसटीत बसली. माणूस जबानीचा पक्का होता, एवढं मानावं लागेल.

त्यापुढे मला कोणत्या सर्व्हेत कोणी घेतलं नाही. तालुक्याला एक जागा निघाली तेव्हा बाबूने माझा अर्ज पाहून विचारलं, "घरी बसून भरनारी ती तूच का?" अशी माझी कीर्ती पसरली होती. माझं लग्न लाखांदूरकडे झालं. सरांचा अहवाल छापून आला, एका मास्तरने मला दाखवला. भंडारा जिल्ह्यातल्या पाहणी केलेल्या गावांत खेसरीचं सेवन जवळपास आढळत नाही, असं त्यात होतं. तळटिपेत मी होते. नाव नव्हतं, ‘एका गावातील अन्वेषिकेचा निष्काळजीपणा’ एवढंच. जाळलं असतं ते पुस्तक, पण मास्तरचं होतं.

दादाचे पाय काही सुधारले नाहीत, पण संसार झाला. पोरगी धडधाकट, तिच्यामागून एक पोरगा, तोही धडधाकट. आणि दादाला एक खोड लागली. पाहुणे आले, गप्पा रंगल्या की तो ती गोष्ट सांगायचा. "आमच्या बाईनं काय केलं मालूम? मस्त घरी बसली अन् फॉर्म भरून टाकले! माही बायको गेलीच होती हातची." सगळे हसायचे. माझ्या नवऱ्यासमोर सांगितली, सासऱ्यासमोर सांगितली. रागाने नाही सांगायचा, लाडाने सांगायचा, तेच जास्त झोंबायचं. मी उठून चुलीपाशी जायची.

एकदा मात्र माझा संयम सुटला. त्याची पोरगी लग्न होऊन गेली होती, इवाई वारला होता, आता कोणाचं काही मोडणार नव्हतं. दिवाळीला मी माहेरी गेले होते. दादाने जावयासमोर तीच गोष्ट काढली. जावई बाहेर गेल्यावर मी दादाजवळ बसले आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी वर्गात हात वर केला होता ते. बरणीतले दाणे. पुन्हा विचारू म्हटलं ते. खुर्ची दिली, चहा मागवला, कागद पुढे सारला ते. "तुह्यासाठी केली सही," मी म्हटलं, "एकही फॉर्म मी घरी बसून भरला नाही. उन्हात पाय भाजले माहे." बोलता बोलता मी रडायला लागले, मी रडणारी नाही.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि समजूत घालत म्हणाला, "जाऊ दे ना बाई. झालं ते झालं, मी कुठी रागावलो? पोरवयात होते चूक. पन आता त्या मानसावर कायले ढकलून रायली? एवढा शिकलेला मानूस, तो खोटं कायले लिहीन? अन् खाली सही तर तुहीच हाये."

मी उठून चुलीपाशी गेले. सही माझीच होती.